भागवतचं मॅग्नेशियम आणि अविश्वासाचा ठराव

"शुक्रवारी शंकररावची खुर्ची गेली समज!" भाकरीचा तुकडा मोडता मोडता भागवत काकडनं बायकोला सांगितलं. "आमचे चौघांचे हात वर गेले, की बाकीचे संचालक आपोआप वर करतेत. कार्यक्रम एकदम फिट हाय!"

"तुमचा कोणता कार्यक्रम आजवर फिट झाला?" जयमाला तव्याकडं पाहत म्हणाली.

भागवतला ते ऐकूच गेलं नाही. चांगले दिवस आले की नवऱ्यांचे कान असेच बसतात, आणि भागवतचे तर फारच चांगले दिवस चालले होते. निमखुट्याच्या सेवा सोसायटीत त्यानं चेअरमन शंकररावांवर अविश्वास ठराव दाखल केला होता. रब्बीचं खत आधी शंकररावांच्या सोयऱ्यांच्या वावरात जायचं आणि उरलंसुरलं गावाला मिळायचं, त्यावरून गाव तापलेलं होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, भागवतला मॅग्नेशियम सापडलं होतं!

सापडलं म्हणजे, सिंदखेडराजाच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. त्याआधी पहाटे त्याच्या पोटरीत असा गोळा यायचा, की भागवत बाजेवरून उडी मारून बगळ्यासारखा एका पायावर उभा! जीभ सोललेली, अंगात मरगळ, दोन पायऱ्या चढल्या की धाप. डॉक्टरांनी रक्त तपासलं, बी व्हिटॅमिनच्या कॅप्सुला दिल्या, मॅग्नेशियमची पावडर दिली आणि बजावलं, "मी सांगितलं तेवढंच घ्यायचं." थोड्याच दिवसांत गोळे गेले, जीभ भरली, आणि भागवत जो उठला तो थेट प्रचारालाच लागला.

कोणी जांभई दिली की भागवत हजर. "बी कमी पडून राह्यलं तुले!" कोणाचा पाय मुरगळला, "मॅग्नेशियम!" कोणाची सून माहेराहून येईना, "तिले बी द्या, सुधरते!" एकदा पुंजाजीचा ट्रॅक्टर सुरू होईना, तर भागवतनं बोनेटवर हात ठेवून असा काही विचार केला, की पुंजाजीनं घाईघाईनं डिझेलच्या टाकीचं झाकण बंद करून घेतलं. चावडीवर भागवत येताना दिसला की लोक जांभया गिळायला लागले.

ठरावावर भागवतसोबत सह्या होत्या तिघांच्या. पुंजाजी सगळ्यांत वडील. जगात प्रत्येक जण आपल्या जिवावर उठलाय अशी त्यांची पक्की खात्री. गोविंदा तरणा, धिप्पाड, दोन जेवणांच्या मधल्या वेळात फक्त पुढच्या जेवणाचा विचार करणारा. आणि फकीर मोहम्मद, फाट्यावरचे टेलर, शांत माणूस, पण बोलले की टाका घातल्यासारखं बोलणारे. बाकीचे संचालक वारा येईल तिकडं. म्हणून हे चौघं सभेपर्यंत शंकररावांच्या हाती लागू द्यायचे नाहीत, असं ठरलं. भागवतनं क्रूझर गाडी काढली आणि सगळ्यांना मेहकरकडच्या आपल्या साडूच्या मळ्यात नेऊन ठेवलं. स्वयंपाकाला जयमाला. तिला विचारलं नव्हतं, पण ती आली. कोणीतरी शहाणं सोबत पाहिजे, असं ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी चहा झाला, तर पुंजाजी पोटरी चोळत बसलेले. गोविंदा जांभयांवर जांभया देऊन राह्यला होता. फकीर मोहम्मद मुठी उघडत-मिटत म्हणाले, "मशीन चालवून चालवून बोटाले मुंग्या येऊन राह्यल्या, भागवतभाऊ."

भागवतला आभाळ ठेंगणं झालं! तीन तीन रोगी, तेही घरात कोंडलेले! त्यानं पिशवीतून डबी काढली आणि तिघांच्या तळहातावर एकेक कॅप्सूल ठेवली.

"हे काय हाय?" पुंजाजीनं संशयानं वास घेतला.

"बी!"

"काह्याचं बी?"

"नुसतं बी, काका! गिळा!"

पुंजाजीनं आधी गोविंदाला गिळायला लावली. तो मेला नाही असं पाहून मग स्वतः गिळली.

दुपारी पुंजाजी बांधाकडं गेले आणि परत आले ते पांढरेफटक पडून. त्यांनी गोविंदाला गोठ्यामागं ओढलं.

"गोविंदा बे... पिवळं!"

"काय पिवळं?"

"लघवी! साधी पिवळी नाही, पिवळीजर्द! हळदीच्या हंड्यावानी! आपल्याले इख घातलं रे!"

गोविंदा धावत बांधावर गेला आणि तसाच धावत परत आला. "काका, माही बी तशीच! चमकून राह्यली!"

फकीर मोहम्मद मात्र न धावता, चालत आले आणि शांतपणे म्हणाले, "मियाँ, तुमचं पाहून मी बी जाऊन आलो. असा रंग मी दुकानात तागे उलगडले तवाबी नाही पाह्यला."

मग तिघांची बैठक बसली. कावीळ म्हणावी, तर तिघांना एकाच दिवशी कशी होईल? जेवण तर सगळ्यांनी सारखंच खाल्लं. मग वेगळं काय खाल्लं? तिघांच्या डोळ्यांपुढं एकदमच ती कॅप्सूल आली!

"शंकररावनं फोडलं याले!" पुंजाजी दात ओठ खात म्हणाले. "आपल्याले इथं आणून मारून राह्यला! माह्यी सही काढून घ्या त्या ठरावातली!"

"मरायच्या आधी जेवण व्हईन का?" गोविंदानं विचारलं.

जयमालानं खिडकीतून सगळं ऐकलं आणि भागवतला पुढं घातलं. भागवत पोट धरून हसला. "अहो, थे व्हिटॅमिन हाय! आंगाले लागते तेवढं आंग घेते, उरलं ते बाहेर टाकते. रंग त्याचाच असते. डॉक्टरनं सांगितलंय मले!"

"सांगाले काय जाते?" पुंजाजी म्हणाले. "पुरावा दाखव."

आता याला पुरावा काय दाखवणार! पण ठराव वाचवायचा होता. शेवटी सेवा सोसायटीचे चार सन्माननीय संचालक एका ओळीत बांधावर उभे राहिले आणि त्यांनी समोरासमोर पडताळणी केली. जयमालानं खिडकी लावून घेतली. भागवतचा रंग तिघांपेक्षाही झगझगीत निघाला, तेव्हा कुठं पुंजाजीचा जीव खाली बसला.

"मंग एवढं बाहेरच फेकायचं व्हतं, तं घ्यायचं कायले?" परत येताना त्यांनी विचारलं. या प्रश्नाला भागवतकडं उत्तर नव्हतं, म्हणून त्यानं ते इंग्रजीत दिलं.

पण त्या बांधावरच्या पुराव्यानं वातावरणच पालटलं. संशय घेतला म्हणून तिघंही ओशाळले होते, आणि ओशाळलेला माणूस लवकर भक्त होतो. शुक्रवारी सकाळी निघायच्या वेळी गोविंदानंच विषय काढला. "भागवतभाऊ, ते दुसरं औषध हाय ना तुमच्यापाशी? पोटरीचं? सभेत उभं राहून भाषण करा लागन, पाय लटपटले नाही पाह्यजेत!"

भागवतचे डोळे पाणावले. जयमालानं सभेआधी पोट थंड राहावं म्हणून भलामोठा गंज भरून ताक केलं होतं. भागवतनं त्यात मॅग्नेशियमची पावडर टाकली. डॉक्टरांनी सांगितलेलं माप एका माणसाचं होतं. इथं तीन माणसं, त्यातला गोविंदा दोघांच्या बरोबरीचा, आणि वरून आजचा दिवस असा महत्त्वाचा! भागवतनं सरळ ताकाचा डाव हाती घेतला आणि डब्यातून भरभरून पावडर ओतली.

"अहो, एवढी?" जयमाला ओरडली.

"तुले समजत नाही. आज शक्ती लागते!"

तिघांनी पेल्यावर पेले रिचवले. गोविंदानं तर गंज तोंडाला लावला. भागवतच्या वाट्याला तळातला घोटभर आला, तो त्यानं मोठ्या मनानं जयमालाला देऊ केला. तिनं तो जास्वंदीच्या झाडाला घातला.

वेळ वाचवायला भागवतनं गाडी समृद्धी महामार्गावर घातली. काय रस्ता! गुळगुळीत, सरळ, दोन्ही बाजूंना कुंपण. गाडी थांबवायला मनाई. झाड नाही, झुडूप नाही, आडोसा म्हणून काही नाही. भागवत गाणं गुणगुणायला लागला.

पहिला आवाज आला तो गोविंदाच्या पोटातून. लांबून ट्रॅक्टर यावा तसा.

"भूक लागली का रे?" भागवतनं विचारलं.

"भूक नाही, भाऊ," गोविंदा खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. "उलटं होऊन राह्यलं."

मग पुंजाजीनं समोरच्या सीटची दांडी घट्ट पकडली. "भागवत, गाडी थांबव."

"काका, इथं थांबता येत नाही."

"थांबव म्हणतो ना बे!"

"दुसरबीडपर्यंत कळ काढा! आलंच!"

"काढायची ती कळच राह्यली नाही रे!"

फकीर मोहम्मद डोळे मिटून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. मध्येच त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "भागवतभाऊ, पोटरीत गोळा नाही आला. माशाल्ला. आता फक्त गाडी पळवा."

भागवतनं गाडी अशी पळवली, की क्रूझरलाही आपलं आयुष्य आठवलं असेल. दुसरबीडला महामार्गावरून खाली उतरल्या उतरल्या रस्त्याच्या कडेला तूर उभी होती, डोक्याएवढी, हिरवीगार, दाट. गाडी पुरती थांबायच्या आत तीन दारं उघडली आणि तीन संचालक तीन दिशांना तुरीत नाहीसे झाले. एवढी एकजूट त्यांनी ठरावाच्या सह्यांच्या वेळीही दाखवली नव्हती.

भागवत हॉर्न वाजवत राहिला. थोड्या वेळानं पुंजाजीचं डोकं तुरीतून वर आलं. भागवत आशेनं पाहायला लागला, तर डोकं पुन्हा खाली गेलं. गोविंदा वावराच्या धुऱ्यापर्यंत आला, गाडीच्या दांडीला हात लावला, आणि हात लावून आल्या पावली परत!

"फकीरभाई!" भागवतनं हाका मारल्या. "सभेची वेळ झाली!"

तुरीच्या आतून शांत आवाज आला, "तुमी व्हा समोर. आमची इथं बैठक चालू हाय."

जयमाला पाण्याच्या बाटल्या घेऊन खाली उतरली. "तुमी जा. साहेबाले थोपवून धरा. या तिघायले मी ऑटोनं आणतो. आणि तो डबा आधी माह्यापाशी द्या!"

भागवत एकटाच सभेला पोचला. निबंधक कचेरीचे साहेब आलेले होते. शंकरराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बसले होते, चेहरा मात्र ओढलेला. बाकीचे संचालक दाराकडं पाहत होते. दारातून कोण येतं, त्यावर त्यांचं मत ठरायचं होतं. दारातून फक्त भागवत आला.

"ठरावावर सह्या करणारे बाकीचे तिघं कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, थोडी वेळ द्या. येऊन राह्यले. थे तुरीत हायेत."

"कशात?"

"तुरीत, साहेब!"

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमच्या हातावर तुरी देऊन गेले, असंच ना?"

सभागृह असं हसलं, की छतावरची कबुतरं उडाली. भागवत जीव तोडून सांगत होता, "हातावर नाही हो, खरोखरच्या तुरीत!" पण हसण्यात कोण ऐकतो! साहेबांनी रीतसर मत घेतलं. ठरावाच्या बाजूनं एक हात वर आला. तो भागवतचा. वारा पाहणाऱ्यांनी वारा पाहिला आणि आपापले हात मांडीखाली घातले. ठराव पडला.

साहेब सही करत होते तेवढ्यात दारात पुंजाजी उभे! कपड्यांना तुरीची पानं चिकटलेली, चेहरा उतरलेला, पण उजवा हात ताठ वर! मागं गोविंदा, त्याच्या मागं फकीर मोहम्मद, सगळ्यांचे हात वर!

"आमचा... ठरावाले... पाठिंबा हाय!" पुंजाजी गरजले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरलं, वरचा हात खाली पोटावर आला, आणि तिघंही जसे आले तसे परत फिरले.

संध्याकाळपर्यंत गावात एकच बातमी. शंकररावनं भागवतला फोडलं आणि भागवतनं आपल्याच माणसांना जुलाबाचं औषध पाजून ठराव पाडला! भागवत घरोघर सांगत फिरला, पण जितकं सांगावं तितकं लोकांना जास्त पटायचं. पुंजाजीनं त्याच्या तोंडावर दार लावलं. गोविंदावर तीन वेळा जेवायचं सोडून एकदाच जेवायची वेळ आली, म्हणून त्यानं बोलणं टाकलं. फकीर मोहम्मद तेवढे बोलले. "भागवतभाऊ," ते कात्री बाजूला ठेवत म्हणाले, "माप घेतल्याशिवाय मी कपड्याले हात लावत नाही. तुमी तं माणसाले लावला."

भागवत मान खाली घालून घरी आला आणि बाजेवर पडून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात शंकरराव! आता टिंगल करायला आला, म्हणून भागवतनं दात आवळले. शंकररावांनी इकडंतिकडं पाहिलं, आत आले, दार लावून घेतलं.

"भागवतराव," ते हळूच म्हणाले, "झालं गेलं सोडा. मले एक सांगा... थे पावडर कोणती?"

"काऊन?"

"काय सांगू तुमाले! वर्षं झाली, पोट साफ म्हणून होत नाही. काढे झाले, चूर्णं झाली. आणि तुमी तं तिघाले एका पेल्यात..." त्यांच्या डोळ्यांत भक्ती होती. "मलेबी द्या. पण तुमी सोता येऊन द्या बरं! मापात चुकलं, तं मी या वयात तुरीत कुठं पळू?"

भागवतनं क्षणभर चुलीजवळच्या डावाकडं पाहिलं. खरंच पाहिलं. पण मग काय झालं कोण जाणे, त्याला कंठ फुटला. आधी डॉक्टरांना विचारा, मूत्रपिंडं तपासा, पाणी भरपूर प्या, एवढंच घ्यायचं, एवढ्याच्या वर नाही! सांगता सांगता तो उठून बसला. गावात त्याचं ऐकणारा आता हा एकच माणूस उरला होता.

डॉक्टरांनी हो म्हटलं. शंकररावांना गुण आला. आणि तेव्हापासून भागवत रोज सकाळी शंकररावांच्या घरी जातो, मोजून पावडर देतो, तब्येत विचारतो आणि परत येतो. गाव ओट्यावर बसून हे पाहतं. शंकररावांचा चमचा झाला, असं आता सगळेच उघड उघड म्हणतात.

भागवतला फार वाईट वाटतं. भांडावंसंही वाटतं. पण भांडायचं तरी कसं? चमचा त्याच्या खिशात असतो ना!