टिटवीची हरकत

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं आणि तळ्याकाठी गोट्यांचा एक उघडा पट्टा होता. तिथे एक टिटवी राहायची. टिटवी घर बांधत नाही, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. ती गोट्यांमध्ये गोट्यांसारखीच दिसणारी चार अंडी घालते आणि वर बसते. कोणी जवळ आलं की ओरडून आकाशपाताळ एक करते. एवढाच तिचा संसार.

त्या जंगलाचा कारभार अगदी रीतसर चाले. साळिंदरसाहेब जंगलाचा आराखडा काढत. त्यांना लेखणी बाहेरून मागवावी लागत नसे. मोकळी ठेवायची जागा ते पानांच्या रसाने हिरवी रंगवत आणि बांधायची जागा हळदीने पिवळी. मग आराखडा पंधरा दिवस उंबराला टांगला जाई. ज्याला तो पटत नसेल त्याने पळसाच्या पानावर हरकत लिहून द्यायची, असा नियम होता. आलेल्या हरकती नीट जपून ठेवल्या जात. त्या वाचायच्या की नाही, याबद्दल नियमात काही म्हटलेलं नव्हतं.

त्या वर्षी तळ्याकाठचा पट्टा पिवळा झाला. टिटवी तडक साळिंदराकडे गेली.

"साहेब, तिथे मी राहते."

"घर कुठे आहे?"

"घर नाही. अंडी आहेत."

"म्हणजे आराखड्याप्रमाणे जागा रिकामी," साहेब म्हणाले. "आणि ताई, पिवळ्याला मागणी आहे. हिरव्याला कुत्रं विचारत नाही. मी काय माझ्या मनाने रंगवतो?"

ही मागणी घोरपडबाईंची होती. घोरपडबाई बिळं बांधून विकायच्या. एकदा एखाद्या जमिनीला चिकटल्या की सिंहाने ओढलं तरी सुटत नसत. पण तळ्याकाठची बिळं काही केल्या खपेनात. सशांनी येऊन नाकं मुरडली. नुसते दगड, डोक्यावर सावली नाही, इथे कोण राहायला येणार, असं म्हणून ते परत गेले. आणखी आठवडाभर असंच चाललं असतं तर बाईंनी त्या पट्ट्याचा नाद सोडला असता.

टिटवीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने बिचारीने सात पानं भरून हरकत लिहिली. मनापासून लिहिली, त्यामुळे ती फार चांगली उतरली. सकाळी तळ्यावरून गार वारा येतो, असं तिने लिहिलं. पाणी इतकं नितळ की तळाचा खडान् खडा दिसतो. कडक उन्हाळ्यातही ते आटत नाही. पिल्लांना मोकळं पळता येतं. अशी जागा साऱ्या जंगलात दुसरी नाही, तेव्हा कृपा करून ती मोडू नये.

हरकत रीतसर दाखल झाली आणि रीतसर तिची एक नक्कल घोरपडबाईंना गेली. बाईंनी ती दोनदा वाचली. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी 'कृपा करून ती मोडू नये' एवढं खोडलं आणि बाकीची हरकत झाडाझाडावर लावली. खाली लिहिलं, 'मोजकीच बिळं शिल्लक.'

चार दिवसांत रांग लागली. सशांनी बिळं घेतली, मुंगसांनी घेतली. एका माकडाने तीन घेतली. माकड बिळात राहत नाही, पण भाव चढणार असं त्याला दुसऱ्या माकडाने सांगितलं होतं. त्या दुसऱ्या माकडाने आधीच पाच घेऊन ठेवली होती. शेवटी काठ पुरेना. तेव्हा साळिंदरसाहेबांनी तळंही पिवळं केलं आणि त्यात भराव टाकून तळ्याकाठची आणखी दोनशे बिळं काढली. आता तळं उरलं नव्हतं, पण काठ भरपूर झाला होता.

भरावाला गोटे लागले. ते तिथूनच उचलले. त्यातले चार जरा हलके लागले, असं उचलणाऱ्या रानडुकराने नंतर सांगितलं. त्याचा काही दोष नव्हता. टिटवी त्या वेळी उंबराखाली तिच्या हरकतीच्या सुनावणीला गेली होती.

परत आल्यावर ती ओरडली नाही. टिटव्यांमध्ये असं आजवर कधी घडलं नव्हतं. मला तिचं फार वाईट वाटतं, पण गोष्ट पुढे न्यायला हवी.

पुढच्या हंगामात ती लांबच्या माळावर गेली. तिथे ऊन होतं, सराटे होते आणि साप होते. तिने तीन अंडी घातली आणि मनाशी ठरवलं, की या जागेबद्दल चांगला शब्द काढायचा नाही. वाईटही नाही. कोल्हा आला तरी तोंडातून आवाज काढायचा नाही, मुकाट्याने पंख पसरून उभं राहायचं. या वेळी पिल्लं बाहेर आलेली तिला बघायची होती.

एका सकाळी घोरपडबाई माळावर आल्या. बरोबर साळिंदरसाहेब होते, हातात हळदीची वाटी घेऊन. बाई तिच्यापासून चार हातांवर थांबल्या.

"ताई, तुमची हरकत फार गाजली," त्या म्हणाल्या. "या जागेबद्दलही काहीतरी लिहा. चार ओळी पुरेत."

टिटवीने चोच उघडली नाही. ती अंड्यांवर आणखी दबून बसली.

बाईंनी गोड बोलून पाहिलं, मग दटावून पाहिलं. टिटवी गप्प. बाई थोडा वेळ तशाच कान देऊन उभ्या राहिल्या. माळावर कसलाही आवाज नव्हता. हळूहळू बाईंचा चेहरा खुलला.

"साहेब, लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "इतकी शांतता, की टिटवीसुद्धा ओरडत नाही."

दुसऱ्या दिवशी माळावर रांग लागली.

तात्पर्य : अन्याय झाला म्हणून आवाज उठवू नये, त्याची जाहिरात होते. गप्पही बसू नये, त्याचीही होते. ज्याला चांगलं लिहिता येतं त्याने वेळीच घोरपडबाईंकडे नोकरी धरावी. तिथे अंडी घालायला भरपगारी रजा मिळते.