खानदानी अळी

सासरेबुवांनी पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं आणि जावयाने ते दोन्ही हातांनीच घेतलं. एका हाताने घ्यायला गेला असता, तर ते परत कपाटात गेलं असतं.

"शेवटचं आहे," सासरेबुवा म्हणाले. "गाडीत नीट ठेवा. चहा घेऊ आणि निघू."

पाकिटात अळ्या होत्या. जिवंत नव्हेत; मऊ, रबरासारख्या प्लास्टिकच्या, तपकिरी, अंगात चमचमते कण असलेल्या. त्या गळाला लावायच्या, पाण्यात सोडायच्या, मग बास मासा त्यांना भुलतो. भुलतो म्हणजे काय, सासरेबुवांच्या अळीला भुलतो. जावई बाजारातून स्वस्तातल्या, दिसायला अगदी तशाच अळ्या आणायचा आणि दिवसभर काठी धरून बसायचा. त्याच्या अळ्यांना सासरेबुवा बाजारबुणग्या म्हणत आणि आपल्या अळ्यांना खानदानी. दरवर्षी याच्यावरून वाद व्हायचा आणि दरवर्षी सासरेबुवांची टोपली बोलायची.

या वर्षी मात्र वादात जोर नव्हता. खानदानी अळ्या बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता आणि पाकिटाच्या तळाला शेवटच्या काही उरल्या होत्या. त्या संपल्या की काठी खुंटीला टांगणार, असं त्यांनी जाहीरच केलं होतं. जन्मभर बंदरावर क्रेन चालवलेला माणूस, निवृत्तीनंतर तळ्यावरच जगत होता. तिथल्या जुन्या दगडी धक्क्याखाली एक प्रचंड बास मादी राहत असे. सासरेबुवा तिला 'थोरली' म्हणत. दोनदा ती त्यांच्या दोरीला लागली होती, दोनदा निसटली होती. ती डोळ्यांनी एकदा तरी बघायची, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

जावई चष्म्याच्या दुकानाचा मालक. त्याच्या दुकानात स्क्रूसुद्धा आकारानुसार झोपलेले असत. गाडीत बसून पाकीट ठेवतो तो काय, पाकिटाच्या तोंडाची पट्टी सैल, आणि अळ्यांना लावलेलं बडीशेपेच्या वासाचं तेल नव्याकोऱ्या सीटवर ओघळतंय. त्याने पटकन सगळ्या अळ्या आपल्या डबीत ओतल्या, झाकण लावलं, सीट पुसली आणि समाधानाने चहाला गेला.

अर्धा कप झाल्यावर त्याला आठवलं.

सासरेबुवांनी हजारदा सांगितलं होतं. खानदानी अळीचं प्लास्टिकच निराळं. बाजारबुणगी तिच्या अंगाला लागली की दोघी वितळतात आणि चिकट लगदा होतो. उन्हात तर विचारूच नका. पूर्वी एकदा त्यांची अख्खी पेटी अशीच गेली होती, तो प्रसंग ते घरातल्या माणसाच्या आजारपणासारखा सांगत. आणि इथे डबीत बाजारबुणग्या आधीपासून होत्याच. गाडी भर उन्हात उभी होती.

"सीट... सीट बघून येतो," जावई म्हणाला आणि धावला.

डबी गरम लागत होती. त्याने डोळे मिटून झाकण उघडलं. मग एक डोळा उघडला. मग दुसरा.

काहीच झालं नव्हतं. सगळ्या अळ्या जशाच्या तशा, एकीला एक खेटून आरामात पडल्या होत्या. जावयाने सुटकेचा निःश्वास सोडला. तो निम्मा बाहेर आला आणि तिथेच अडकला. काहीच झालं नव्हतं, ते का?

त्याने खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. एक अळी घेतली, दुसरी घेतली. तोच रंग, तेच कण, शेपटीजवळ साच्याची तीच बारीक रेघ. वास घ्यावा, तर एव्हाना सगळ्यांनाच बडीशेपेचा वास लागला होता. खानदानी कोणती आणि बाजारबुणगी कोणती, हे त्याला सांगता येईना. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, की सांगण्यासारखं काही नव्हतंच. सगळ्याच बाजारबुणग्या होत्या.

हे म्हाताऱ्याला कोण सांगणार? आणि आज, ते शेवटचं म्हणून निघाले असताना? त्याने हाताला लागतील तेवढ्या अळ्या पाकिटात भरल्या, पट्टी अंगठ्याने दाबून बसवली आणि तोंडावर जमेल तसं हसू आणलं.

होडीत सासरेबुवांनी पाकीट उघडलं आणि नाकाशी नेलं. "अहाहा," ते म्हणाले. मग आत डोकावले. "अरे, मला वाटलं त्याहून जास्त आहेत. बघा, जपून वापरलं की खानदानी माल पुरतो."

जावयाने मान हलवली. आता त्याला एक गोष्ट बघायचीच होती. अळी तीच, तळं तेच, होडी एकच. मग आज तरी बरोबरी व्हायला हरकत नव्हती.

सासरेबुवांनी पहिल्याच फेकीत बास काढला. मग दुसरा. जावयाच्या दोरीला शेवाळ आलं. सासरेबुवांना दया आली आणि त्यांनी पाकिटातली एक अळी देऊ केली. "घ्या, खानदानी लावून बघा. आज मन मोठं केलंय." जावयाने ती लावली. शेवाळ आलं. त्याने ती परत केली आणि पुन्हा आपल्या डबीतली लावून पाण्यात सोडली. सासरेबुवांनी तिसरा काढला.

तेव्हा जावयाने काठी मांडीवर ठेवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांच्या हातांकडे पाहिलं. ते दोरी ओढत नव्हते. तर्जनीवर ती नुसती टेकवली होती आणि ते ऐकत होते, बोटाने. पाण्याखाली अळी दगडावर चढली की बोट किंचित वर, दगडावरून घसरली की सैल, मग स्तब्ध. उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून, दोरखंडाच्या टोकाला लोंबकळणारं ओझं आपटू न देता जहाजात उतरवणारी ती बोटं होती. त्या बोटांच्या टोकाला साधी, बाजारातली अळी जिवंत होत होती. दरवर्षी शेजारी बसून आपण नेमकं काय बघत होतो, हे त्याला कळेना.

बघता बघता त्याला शिंक आली, मग दुसरी, मग शिंकांची माळच लागली. त्याच्या काठीला त्याच्याच डबीतली अळी होती. काठी पाण्यात जाईल म्हणून सासरेबुवांनी ती एका हाताने झेलली, सवयीने बोट दोरीवर टेकवलं आणि एकदम गप्प झाले. होडी धक्क्याजवळ आली होती.

"हलू नका," ते पुटपुटले.

काठी वाकली, ती वाकतच गेली. सासरेबुवा ओढत नव्हते, अडवत नव्हते. देत होते, घेत होते. होडी हळूच फिरली. मग पाण्याखाली काहीतरी हिरवं वळलं आणि वर आलं. जावयाने असा बास आयुष्यात पाहिला नव्हता. जबडा असा, की त्यात त्याची डबी अख्खी गेली असती. अंगावर जुन्या जखमांचे व्रण, आणि सोनेरी डोळा शांतपणे दोघांकडे बघत होता. सासरेबुवांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांचा हात मोकळा नव्हता.

"ही थोरली," ते म्हणाले, एखाद्या वडीलधाऱ्या बाईची ओळख करून द्यावी तसं.

त्यांनी गळ अलगद सोडवला आणि तिला पाण्यात धरून ठेवलं. तिने एकदा शेपूट हलवली आणि ती खाली, आपल्या अंधारात गेली.

मग सासरेबुवांचं लक्ष गळाकडे गेलं. ती जावयाची काठी होती, जावयाची अळी होती. त्यांच्या कपाळावर आठी पडली. सासरेबुवांनी अळी उलटीपालटी केली, बोटांत दाबली, वास घेतला. आठी गेली.

"जावईबापू, तुमच्या डबीत माझी एक चुकून गेली होती."

"हो बाबा," जावई म्हणाला. "तसंच झालं असणार."

घरी आल्यावर त्याने बडीशेपेच्या वासाचा माग काढत पाकीट स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवलं. सासूबाईंनी दाराकडे एकदा पाहिलं आणि मसाल्यांचा खालचा कप्पा ओढला. आत बाजारबुणग्यांची पाकिटं होती आणि बडीशेपेच्या अर्काची बाटली.

"कारखाना बंद पडला तेव्हाच काठी टांगायला निघाले होते," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "म्हटलं, हा माणूस दिवसभर घरात बसला तर माझ्या फोडणीत नाक खुपसेल. पण आता मला दुकानात रंग ओळखू येत नाहीत हो. मागच्या खेपेला हिरव्याच घेऊन आले. म्हणून तर पाकीट संपत आलं. आता पुढचं तुम्ही बघा."

जावयाने बाही वर केली, बाटलीचं बूच काढलं आणि आपल्या डबीतल्या तपकिरी अळ्यांनी पाकीट भरलं. पट्टीसुद्धा दुरुस्त केली, चष्म्याची काडी बसवतात तशी.

मग तो ओसरीवर गेला. सासरेबुवा खुर्चीत रेलून अजून तळ्यातच होते.

"बाबा, मला शिकवाल का? काठी धरायला, दोरीवर बोट ठेवायला. तुमच्यासारखं."

सासरेबुवा मनापासून हसले. "त्यात शिकवण्यासारखं काय आहे? बोटात काही नसतं हो, अळी चांगली लागते." मग त्यांनी जावयाचा हात धरला, नाकाशी नेला आणि कौतुकाने मान डोलावली. "बघा. केव्हाचे परत आलोय आपण, अजून वास गेलेला नाही. खानदानी माल."