कमळू तात्यांचा तिसरा कप

कमळू तात्यांकडे दोन माणसं भांडण मिटवायला आली की चहा तिघांचा येई. तात्या स्वतः चहाला शिवत नसत. तिसरा कप समोरच्या रिकाम्या पाटापुढे ठेवला जाई.

भांडण मिटलं की नाही, हे तो कप ठरवी. बोलणी संपली की तात्या कपाला बोट लावत. गार लागला तर म्हणत, "त्याला पटला. उठा." गरम असला तर, "नाय पटला. पुन्ना बसा."

तळवलीतल्या त्यांच्या घराची मागची खोली मी भाड्याने घेतली, ती एकोणीसशे ऐंशीच्या आसपास. बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात मी कारकून. चहा म्हटला की गार व्हायचाच, असं माझं शास्त्र. तात्यांच्या पडवीत मात्र भर पंख्याखाली दुपार सरली तरी वाफ निघताना मी पाहिली, आणि शास्त्र गुंडाळून ठेवलं. त्या पाटालाही कायम ओल असे. खाडीची हवा, असं मी बायकोला सांगत असे. ती तिकडे फिरकत नसे.

हेच तात्या एके काळी आगीचा लोळ होते. नव्या शहरासाठी सरकार गावाच्या जमिनी घ्यायला आलं, तेव्हा "इंचभर देनार नाय" ही आरोळी पहिली त्यांची. त्या आवाजाने बिचकून एका साहेबाच्या ड्रायव्हरने जीप मागे घेता घेता मिठागरात घातली, असं गाव सांगे. पुढे तीच जीप तात्यांना बोलणी करायला न्यायला येऊ लागली. साहेबाच्या टेबलावरही तिसरा कप लागे. साहेब लोक त्या कपाकडे बघत खालच्या आवाजात बोलत.

एका रविवारी दुपारी दोन सख्खे भाऊ आले. घरामधल्या एका भिंतीवरून जुंपलेली. धाकटा उभ्यानेच म्हणाला, "दादा, बसून बोलू ना." थोरला ताडकन उठला. "बोलायचा आसंल तर माझ्या घरात तुला जागा नाय."

तात्यांचा चेहरा उतरला. मी दारातच होतो. कपातून सरळ, जाड वाफ वर चढत होती आणि पडवीत खाडीच्या चिखलाचा वास दाटला होता.

"ह्योच सबूद माझा व्हता," तात्या थोरल्याला म्हणाले. "माझा भावूस पदू. गावकीत बोलला, सायबासंगती बसून बगू. मी सगल्यांम्होरं बोललो, बोलनाऱ्याला या गावात जागा नाय. तो उठला, बांधावरून खाडीकडं गेला नि होडी लोटली. उधान व्हता. होडी गावली, तो नाय गावला."

तात्यांनी धाकट्याकडे बोट केलं.

"तुजा भावूस जित्ता हाय. म्होरं उबा हाय. त्याला बस म्हन."

थोरल्याने भिंतीकडे तोंड वळवलं. मग पुटपुटला, "बस." धाकटा बसला. तात्यांनी कपाला बोट लावलं. "गार. जा घरी."

ते गेल्यावर भांडी उचलायला मी पुढे झालो, तर तात्यांनी हात आडवा केला. चुलीवरून ताजा चहा आणून त्यांनी पाटापुढे ठेवला आणि स्वतः समोर मांडी घातली. अशा प्रत्येक बैठकीनंतर ते हे करत, हे मला त्यांच्या सरावल्या हातांवरून तेव्हा कळलं. मी त्यांना वेडे म्हणत आलो होतो, आता तो शब्द तोंडात येईना.

"पदू," ते हळूच म्हणाले, "चुकला माझा. बोल आता."

ऊन ओसरीवरून उतरलं. तात्यांनी मला खूण केली, "तुमी लावा बोट. माझ्या हाताचा भरोसा नाय."

मी बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं.

तात्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं. धोतराच्या सोग्याने ते पाटावरची ओल पुसत राहिले. "आसू दे," पाटाकडे बघत म्हणाले. "तू बस. जागा तुजीच हाय."