आधी विमा, मग लंका

बुऱ्हानपुरात बुधवाऱ्याजवळच्या टॉकीजमध्ये पडद्यावर कुणी पडलं, की भास्करअण्णा खुर्चीतून उठत. घोड्यावरून पडो, गच्चीवरून पडो, जिन्यावरून पडो. उठून खणखणीत आवाजात विचारत, "याचा विमा होता का?"

मागून शिट्ट्या येत. "बैठ जाओ, काका."

"बसतो. आधी त्याला उठू दे."

मी त्यांचा लालबाग मोहल्ल्यातला शेजारी, पेशानं शाळामास्तर, म्हणून बाजूची खुर्ची कायम माझ्या नशिबी. एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, "अण्णा, हे सगळं खोटं असतं हो."

"दत्तूचं कंबरडं खोटं आहे का, मास्तर?"

उरलेला सिनेमा मी चष्मा पुसत पाहिला.

दत्तू हा अण्णांचा धाकटा भाऊ. एका संस्थानच्या रिसाल्यात स्वार होता. संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला, आणि दत्तू गुडघ्यापर्यंतचे बूट तेवढे घेऊन घरी आला. अण्णा जिनिंग कारखान्यात कापूस तोलायचे. त्यांनी त्याला तिथं चिकटवून पाहिलं, पण घोड्यावर बसलेल्या माणसाला कापसाच्या गाठींवर करमेना. तेवढ्यात मुंबईची एक सिनेमा कंपनी जवळच्या असीरगड किल्ल्यावर लढाई घ्यायला आली. स्वार हवे होते. बऱ्याच महिन्यांनी दत्तूनं बुटांना पॉलिश केलं.

सैनिक म्हणून अर्धा लालबाग गेला होता. मीही गेलो. मला पहिल्याच हल्ल्यात मरायचं होतं. मी सावली बघून मेलो, तेही चष्म्यासकट. दिग्दर्शकानं मला जिवंत करून घरी पाठवलं. दत्तूला उतारावरून भरधाव येऊन घोड्यासकट कोसळायचं होतं. दोघं कोसळले. घोडा उठला.

मग कळलं, कंपनीनं कॅमेऱ्याचा विमा उतरवला होता. नायिकेच्या हाराचा उतरवला होता. घोड्याचाही उतरवला होता, कारण घोडा भाड्याचा, आणि त्याशिवाय मालक लगाम हातात देईना. घोड्याचा गुडघा खरचटला, त्याची भरपाई आली. दत्तू कमरेखाली हलेना, त्याला संत्र्यांची करंडी आली. ती अण्णांनी कंपनीच्या मॅनेजरच्या मोटारीत परत ठेवली आणि वर म्हणाले, "घोड्याला द्या. तो आजारी आहे ना."

अण्णा दारोदार हिंडले. आमची सरकारी कचेरी म्हणाली, कंपनी मुंबईची, तिकडं जा. मुंबई म्हणाली, अपघात तुमच्या प्रांतातला, अन् माणूस रोजंदारीचा. संस्थानात दाद मागावी, तर संस्थानच जागेवर नव्हतं.

"घोड्याला मालक होता," अण्णा म्हणत. "दत्तूला नुसता भाऊ. भावाचं कोण ऐकून राहिलं?"

त्या दिवसापासून बुऱ्हानपुरात कुणाला निर्धास्त पडायची सोय उरली नाही. सर्कस आली, अण्णा झुलेवाल्या पोरीच्या मालकाशी भांडून आले. रामलीलेत हनुमान दोराला लटकून उडायचा. उडायच्या ऐन वेळी अण्णांनी दोराचं टोक धरलं. "आधी याच्या हातापायाची जबाबदारी कोण घेतं ते सांगा. मग लंका जाळा."

कमिटीचे सेठजी हात जोडून म्हणाले, "अण्णाजी, हनुमानजी का कैसा बीमा?"

"शेपटीच्या आतला माणूस जुलाहा आहे, सेठजी. त्याचा हात मोडला, तर माग कोण चालवील? रामचंद्रजी?"

हनुमान अधांतरी, रावण ताटकळत, मी मंडपाच्या मागच्या बाजूला लपलेला. शेवटी सेठजींनी भर मंडपात कबूल केलं की काही झालं तर घर ते चालवतील. मग लंका जळाली. हनुमानानं खाली उतरून रामाच्या आधी अण्णांचे पाय धरले.

म्हणूनच असीरगडचा तो सिनेमा आमच्या टॉकीजला लागला, तेव्हा मॅनेजरनं अण्णांच्या मागं दोन पहिलवान बसवले. दुपारचा खेळ खच्चून भरला. गावातले अर्धे लोक लढाई बघायला आले होते, अर्धे अण्णांना.

उतारावर दत्तू दिसला. ताठ बसलेला, लगाम एका हातात, हसतोय. अण्णा ओरडले नाहीत. समोरच्या खुर्चीची पाठ धरून पुढं झुकले. घोडा जवळ आला तसे मुकाट्यानं उठले आणि बाहेर गेले. पहिलवान एकमेकांकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग बाहेर गेलो. अण्णा सायकलीचं कुलूप काढत होते.

"अण्णा, विचारलं नाही तुम्ही. आज तर विचारायचं होतं."

"त्याच्या पुढचं मला ठाऊक आहे, मास्तर."

"मग रोज कशाला येता?"

त्यांनी किल्ली खिशात टाकली. "घरी तो चोवीस तास आडवाच असतो. इथं तेवढा बसलेला दिसतो."

आत पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. दत्तू पडला असणार. अण्णांनी मागं वळून पाहिलं नाही.

"चला," ते म्हणाले, "त्याची कूस बदलायची वेळ झाली."