बाळराजे निहार यांनी मुखपट्टी बांधिली त्याची हकीकत

“लेकरास चिमणी दाखवून मागल्या पावली निसटू नये. सांगून निघावे. रडले तर रडो, पण सांगून निघावे.” ऐसे थोरल्या मातुश्री द्वारकाबाई आपल्या सुनेस, म्हणजे प्रमिलाबाईंस, त्यांची लेक रांगती असता बोलिल्या होत्या. पुढे थोरल्या मातुश्री कैलासवासी जाहल्या, लेक वाढली, सासरी गेली, आणि ती आज्ञा जुन्या पितळी डब्यासारखी माळ्यावर जाऊन पडली. ती पुन्हा खाली कैसी उतरली, तेच येथे सांगणे आहे.

श्री दत्तात्रेय प्रसन्न. आधी दिवा लाविला, मग लेखणी हाती घेतली. उणे राहील ते वाचणारांनी पदरात घ्यावे. शके १९४३, प्लवनाम संवत्सर, भाद्रपद मास. राज्य तिसऱ्या मजल्यावरी. दोन दालने, एक मुदपाकखाना आणि एक गॅलरी, इतुकाच मुलूख. गादीवर आबासाहेब, नोकरीतून निवृत्त, वर्तमानपत्र आणि चहा यांचे धनी. आणि कारभार सर्व प्रमिलाबाईसाहेबांचे हाती. बाईसाहेब हळू बोलणाऱ्या आणि नेमधर्माच्या. नित्य पहाटे स्नान करून गल्लीच्या टोकाशी औदुंबर आहे त्यास प्रदक्षिणा घालाव्या आणि मग पाणी तोंडात घ्यावे, ऐसा नेम लग्नाच्या वर्षापासून चालिला, त्यात खंड नाही. आणि चातुर्मासात आणिक एक नेम, जे चार मास जिभेवर खोटे येऊ द्यावयाचे नाही, थट्टेतही नाही. आबासाहेब म्हणत, “आषाढापासून कार्तिकापर्यंत हिला नवा सदरा कसा दिसतो, हे विचारायची सोय नाही.”

कन्या मृण्मयीताई पहिल्या बाळंतपणास माहेरी आल्या, पुत्ररत्न जाहले, निहार नाम ठेविले, आणि जावई सौमित्रपंत समुद्रापलीकडून बारशास येऊन लेकरास मांडीवर घेऊन परत गेले, जे घर लावितो आणि पाठोपाठ बोलावितो. मग महामारी आली आणि दिशादिशांचे दरवाजे लागले. पाठोपाठची दोन वर्षे जाहली. बाळराज्यांनी वडील पाहिले ते फोनच्या काचेत. त्यांच्या लेखी बाप म्हणजे गार, गुळगुळीत आणि हाताएवढा. रोज संध्याकाळी काचेची पापी घ्यावी, आणि काच पुसून ठेवावी, ऐसा रिवाज पडला. सौमित्रपंत पलीकडून म्हणत, “अरे, अजून एक,” आणि मग कॅमेऱ्यापुढून बाजूस होत, म्हणजे डोळे दिसू नयेत.

मग वाटा उघडिल्या. मृण्मयीताईंस प्रवेशाची जी परवानगी होती तिची मुदत आश्विनअखेर सरत होती, म्हणून विजयादशमीस तिसरे प्रहरी निघणाऱ्या विमानाची तिकिटे काढिली. तो विमानवाल्यांचा हुकूम आला, जे दोन वर्षे पुरी जाहलेल्या प्रत्येक जिवाने नाकातोंडावर मुखपट्टी बांधिली पाहिजे; न बांधील त्यास चढू देणार नाही. आणि बाळराज्यांस दोन वर्षे त्याच मासी पुरी जाहलेली. आबासाहेब म्हणाले, “दोन महिने उशिरा जन्मला असता तर सुटला असता.” मृण्मयीताई म्हणाल्या, “बाबा, ते आता माझ्या हातात नाही.”

मग मोहीम मांडिली. प्रथम आबासाहेब स्वतः चालून गेले. कापडी हत्तीस मुखपट्टी बांधिली आणि म्हणाले, “बघ, हत्तीदादा कसा शहाणा.” बाळराज्यांनी हत्तीची पट्टी ओढिली आणि हत्ती गादीखाली लपविला. मग ससे आणि गाजरे छापलेली, कानास न रुतणारी नवी पट्टी मागविली, ती गॅलरीतून खाली गेली आणि तळमजल्याच्या सोमणकाकू पापड वाळवीत होत्या त्या पापडांवर पडली, आणि काकूंनी वर बघून विचारिले, “हे आमच्यासाठी आहे का?” मग बेदाण्यांचा तह जाहला, एक बेदाणा देऊ आणि एक क्षण पट्टी राहील. बाळराज्यांनी बेदाणा घेतला, पट्टी बांधून घेतली, आणि बेदाणा संपताच तह मोडिला. शेवटी मृण्मयीताईंनी मांडीत घट्ट धरून बांधिली. तेव्हा बाळराजे ऐसे रडिले की श्वास कोंडून ओठ निळे पडिले, आणि ताईंनी घाबरून पट्टी फेकिली आणि मुदपाकखान्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

प्रमिलाबाई मागून गेल्या आणि पाठीवर हात ठेविला. ताई म्हणाल्या, “आई, विमानाच्या दारातून परत पाठवलं तर? मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून सगळं. वर्षही जाईल. सौमित्र काल म्हणत होता, मला आता त्याचा आवाज नको, वजन हवंय.” होईल सगळे नीट, ऐसे म्हणावयास बाईसाहेबांनी जीभ उचलली, परंतु ते खरे की खोटे हे ठाऊक नव्हते, आणि चातुर्मास होता.

पुढे एके पहाटे बाईसाहेब औदुंबरास निघाल्या, पट्टी बांधिली आणि चपला पाहतात तो एकच चप्पल. इकडे शोधिली, तिकडे शोधिली, आणि वळून पाहतात तो बाळराजे दाराशी उभे, झोपेतून उठून आलेले, आणि दुसरी चप्पल पोटाशी धरलेली. म्हणाले, “आजी नाय. आजी इथे.” आणि हात उंच करून पट्टीकडे बोट दाखविले आणि ओठ काढिला. तितक्यात आतून आबासाहेब सवयीने बोलिले, “निहार, ये ये, गॅलरीत चिमणी आलीये बघ.” बाळराज्यांनी गॅलरीकडे पाहिले नाही. चप्पल आणिक घट्ट धरिली.

तेव्हा बाईसाहेबांचे पाय उंबरठ्यावरच थांबले आणि मनात एकेक उलगडत गेले. हे लेकरू ज्या दिवसांत डोळे उघडून जग पाहू लागले ते दिवस बंद दाराचे. त्यात कोणी बाहेर निघावयाचे तर आधी तोंडावर पट्टी चढे, आणि मग दुसरा कोणी चिमणी दाखवी, आणि मान वळवून पाहावे तो माणूस नाही. आबासाहेब भाजीस ऐसेच जात. मृण्मयीताई परवानगीच्या कामासाठी राजधानीस गेल्या, दोन रात्री आल्या नाहीत, त्याही ऐशाच गेल्या. आपण तर नित्य पहाटे, देवाचे नाव घेत. ज्याचे तोंड झाकले तो गेला, इतुकेच यास ठाऊक. आणि तीच पट्टी आम्ही त्याच्या तोंडावर बांधितो, तेव्हा त्यास काय वाटत असेल, जे आता मला कोठे नाहीसे करिता? तो हट्ट करीत नव्हता, भीत होता. आणि थोरल्या मातुश्रींचा शब्द इतुक्या वर्षांनी कानाशी आला, जणू त्या पाठीशी उभ्या आहेत. बाईसाहेब मनात म्हणाल्या, “चुकले हो आई.”

मग खाली बसल्या, पट्टी उतरविली आणि म्हणाल्या, “निहार, आजी देवाला जाऊन येते. आल्यावर तुला खडीसाखर देते. आजी परत येते.” बाळराजे रडिले. प्रमिलाबाई हळूच चप्पल घेऊन त्यांच्यादेखत पट्टी बांधून निघाल्या, आणि जिन्याने उतरताना ते रडणे प्रत्येक पायरीशी ऐकिले, आणि त्या दिवशी प्रदक्षिणा घालताना नाम ओठांवर आणि कान तिसऱ्या मजल्याकडे ऐसे जाहले. परत येऊन पट्टी उतरवून म्हणाल्या, “आले.” आणि खडीसाखर दिली.

त्या दिवसापासून राज्यात नवा कायदा जाहला, जे चिमणी कोणी दाखवावयाची नाही. आबासाहेब म्हणाले, “म्हणजे कोथिंबीर आणायला निघताना मी दरबार भरवून निरोप घ्यायचा?” प्रमिलाबाई म्हणाल्या, “घ्यायचा.” आबासाहेब म्हणाले, “आणि विसरलो तर?” प्रमिलाबाई म्हणाल्या, “तर कोथिंबीर राहू द्या.” आणिक एक केले. दुपारी देवाच्या वाती वळावयास बसताना बाईसाहेब पट्टी बांधून दिवाणखान्याच्या मध्यावर बसत, आणि कोठे जात नसत. बाळराज्यांनी पट्टी ओढावी, बाईसाहेबांनी पुन्हा बांधावी आणि तेथेच बसावे. प्रथम दिवशी बाळराजे पदर धरून राहिले. मग पदर सोडून नुसते पाहू लागले. मग कापूस पसरू लागले. झाकलेल्या तोंडाची आजी तेथेच आहे, वाती वळिते आहे, ही नवलाची गोष्ट त्यांस हळूहळू पटली.

नवरात्र बसले. घटाला माळ चढे आणि इकडे गड एकेक बुरुजाने हाती येई. एके सकाळी बाळराज्यांनी स्वतः आबासाहेबांची पट्टी आणून त्यांच्या हाती दिली आणि म्हणाले, “आबा, कोथी.” दुसऱ्या दिवशी पापडांवरून परत आलेली सशांची पट्टी कानाशी धरून उभे राहिले. प्रमिलाबाईंनी बांधिली, आपली बांधिली, बोट धरिले, आणि उभयता औदुंबरास गेले आणि परत आले. सोमणकाकू म्हणाल्या, “बाई, आता हा पापड खायला पट्टी काढेल की नाही?” मृण्मयीताई गॅलरीतून पाहात होत्या आणि त्या दिवशी प्रथमच त्यांनी पेटी भरावयास काढिली.

परंतु खरा प्रसंग पुढे होता. नवमीस सायंकाळी पेट्या दाराशी लाविल्या, तेव्हा बाळराज्यांनी पेट्या पाहिल्या, आपली पट्टी आणिली, आणि प्रमिलाबाईंची पट्टी आणून त्यांच्या मांडीवर ठेविली आणि विचारिले, “आजी पण?” मृण्मयीताई हलकेच म्हणाल्या, “आई, हो म्हण ना. विमानात बसेपर्यंत फक्त. मग मी बघते काय ते.” आबासाहेब म्हणाले, “अगं, लहान मुलाशी बोललेलं खोट्यात धरत नाहीत. देवालाही कळतं.” बाईसाहेबांनी बाळराज्यांस जवळ घेतले. ते दोन वर्षांचे तोंड वर करून वाट पाहात होते. हो म्हटले तर उद्या हे लेकरू हसत चढेल, आणि आत जाऊन मान वळवून पाहील तो आजी नाही. ती केवढी चिमणी होईल. म्हणाल्या, “नाही रे राजा. उद्या तू आणि आई विमानात बसणार. आजी नाही. तिथे बाबा आहे, तो तुला कडेवर घेईल. आणि आजी मागून येईल. खरंच येईल.”

बाळराजे रडिले, पट्टी फेकिली, आणि दिवे लागणी टळून गेली तरी हाती घेईनात. मृण्मयीताईंस राग आला आणि तो आवरेना. म्हणाल्या, “तुझ्या नेमापायी त्याचा बाप पुन्हा काचेत राहिला तर? आणि तू येणार म्हणतेस, आई, कशी येणार? तुझ्याकडे पासपोर्ट नाही. आजवर कितीदा बोलावलं. दरवेळी औदुंबराचा नेम मोडतो म्हणालीस. मग हे खोटं नाही का?” बाईसाहेब म्हणाल्या, “आजवरचं नाही म्हणणं खरं होतं. आता त्याला येते म्हणाले, तेही खरं करावं लागेल.” आणि उठून देवाशी निरांजन लाविले, आणि आबासाहेबांनी वर्तमानपत्र उगाच उलटे केले.

विजयादशमीस देवापुढे आपट्याची पाने ठेविली, दहीभात हातावर दिला, आणि मंडळी विमानतळास निघाली. तेथे रिवाज ऐसा, की तिकीट असेल त्यानेच दरवाज्याच्या आत जावे. बाकीच्यांनी कठड्याबाहेर राहावे. सीमोल्लंघन ज्याचे त्याचे. शिपाई म्हणाला, “ताई, बाळाचा मास्क.” मृण्मयीताईंनी पट्टी पुढे केली, बाळराज्यांनी तोंड फिरविले. मागे रांग वाढू लागली. ताईंनी आईकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात काल रात्रीचे सर्व होते. तेव्हा प्रमिलाबाई कठड्यापाशी वाकल्या, आपली पट्टी नीट केली आणि म्हणाल्या, “निहार, तू जातोस. आजी इथेच उभी राहील, तू आत जाईपर्यंत. पळणार नाही. आणि मग मागून येईल.” बाळराज्यांनी त्यांस निरखून पाहिले. आजी गेल्या नाहीत. मुठीत आपट्याचे पान होते, चुरगळलेले, ते बाळराज्यांनी आजीच्या हाती दिले, आणि आईपुढे तोंड केले. पट्टी बांधिली गेली. काचेच्या दारातून आत जाताना बाळराज्यांनी तीनचारदा वळून पाहिले, आणि प्रत्येक वेळी आजी तेथेच होत्या. आबासाहेबांनी नाक शिंकरिले आणि म्हणाले, “धूळ फार आहे इथे.” बाईसाहेबांनी त्यास होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही.

पुढील वर्तमान फोनावरून कळले. विमानात बाळराज्यांनी पट्टी ठेविली, दूध पिताना काढिली, झोपेत घसरली ती हवाईसुंदरीने हळूच वर सरकविली. पलीकडे दरवाज्याबाहेर सौमित्रपंत उभे होते, तेही पट्टी बांधून, आणि डोळे वाहत होते. बाळराजे बिचकले. मग आईच्या कडेवरून हात लांब करून त्यांची पट्टी खाली ओढिली, ते तोंड पाहिले, गालाला हात लाविला, आणि तो गार नव्हता. म्हणोन पुन्हा लाविला. सौमित्रपंतांच्या दंडास आठवडाभर रग लागून होती, आणि ते ती कौतुकाने सांगत.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. ना हत्तीने जाहली, ना बेदाण्याने. जाणारा सांगून गेला आणि येणारा सांगितल्याप्रमाणे आला, इतुक्याने जाहली. कार्तिकी एकादशी पावली, चातुर्मास सरला, आणि जीभ मोकळी जाहली. परंतु बाईसाहेबांनी आबासाहेबांच्या सदऱ्याविषयी मत पालटले नाही.

मग द्वादशीस पहाटे प्रमिलाबाई नित्याप्रमाणे औदुंबरास गेल्या. प्रदक्षिणा पुऱ्या जाहल्यावर तेथेच उभ्या राहिल्या, बुंध्यास हात लाविला, आणि जवळ कोणी नाही ऐसे पाहून हळू म्हणाल्या, “महाराज, थंडी सरली की काही दिवस येणं होणार नाही. लेकराला शब्द दिलाय. तुम्हाला न सांगता जायला बरं वाटेना.” घरी येऊन चहा ठेविला, ट्रंकेतून जन्माचा दाखला आणि दोन फोटो काढून पिशवीत ठेविले, आपट्याचे वाळके पान पिशवीच्या आतल्या कप्प्यात सरकविले, आणि आबासाहेब वर्तमानपत्र वाचीत होते त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “अहो, पासपोर्टाच्या कचेरीत जाऊन येते.” आबासाहेबांनी वर्तमानपत्र खाली केले, म्हणाले, “मी येऊ का सोबत?” बाईसाहेब म्हणाल्या, “नको. वाट विचारत जाईन.” मग त्यांच्यादेखत पट्टी बांधिली, चपला घातल्या आणि जिना उतरू लागल्या.