खांबेटेकाकांची मेक्सिको स्वारी

खांबेटेकाका घरातला जिना चढतात तो हातापायांवर रांगत. डोक्यावर गवती हॅट, पाठीवर तांदूळ भरलेली सॅक. उतरतानाही तसेच, फक्त उलटे. आयर्लंडमधल्या नास गावात त्यांचं आणि आमचं घर एकाच भिंतीचं, त्यामुळे त्यांची प्रत्येक पायरी आमच्या कपबशांना कळते.

पहिल्यांदा तो धपधप आवाज ऐकला तेव्हा मी घाबरून त्यांचं दार वाजवलं. काका धापा टाकत बाहेर आले.

"पिरॅमिड!" ते म्हणाले. "मायन लोकांच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात गं मुग्धा. सवय केलेली बरी. ऐनवेळी धावपळ नको."

साल दोन हजार वीस. विमानं जवळजवळ बंद, दुकानं बंद, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी. ऐनवेळ कुठे दृष्टिपथातही नव्हती. पण काका औषधांच्या कारखान्यात क्वालिटीला. गोळीचा टवका उडालेला दिसला तर अख्खी बॅच अडवून ठेवणारा माणूस. लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत, बहुधा तिथेही काहीतरी तपासायचं राहून गेलं असावं.

मेक्सिकोच्या उन्हाची सवय म्हणून ते हीटिंग पूर्ण वाढवून बनियनवर बसत. डासांच्या बाबतीत मात्र पंचाईत झाली. नासला डास नाहीत. तरी काकांनी पुण्याहून आणलेलं मलम अंगाला फासून बघितलं. "डास नसेनात, पुरळ येतंय का ते तरी कळेल!"

अभ्यासही जोरात होता. नकाशावरचं प्रत्येक नाव त्यांनी मराठीत आणून बसवलं. "उश्माल म्हणजे काय? उष्मा जास्त म्हणून उश्माल. सरळ आहे! पालेंके हे तर आपलं कोकणातलं आडनाव. आणि हे बघ, कोबा! कोबा नावाचं गाव आहे तिथे. म्हणजे फरशी नाही, कोबाच. बूट रबरी तळाचे हवेत."

त्याच बुटांची परीक्षा घ्यायला एकदा हॅट आणि सॅकसकट ते रस्त्याला लागले. कोपऱ्यावर पोलिसाने हटकलं.

"कुठे निघालात?"

काकांना खोटं बोलता येत नाही. "मेक्सिकोची तयारी," ते म्हणाले.

पोलिसाने त्यांना टोपीपासून बुटांपर्यंत निरखलं. "ते पाच किलोमीटरच्या पलीकडे पडतं हो," तो गंभीरपणे म्हणाला.

"ग्रँड," असं इथल्या लोकांच्या 'ठीक आहे'च्या सुरात म्हणून काका परत आले.

या सगळ्याचा रोजचा अहवाल ते कुंपणाच्या झाडांवरून नोरीनला देत. नोरीन म्हणजे त्यांच्या पलीकडच्या घरातली ऐंशीच्या घरातली बाई. मुलं ऑस्ट्रेलियात. वय झालेल्यांनी घराबाहेर पडू नये असं सरकारने सांगितलेलं, म्हणून ती मागच्या अंगणात पांघरूण घेऊन बसायची आणि ओरडून विचारायची, "मिस्टर कॅम्बेटी, आज कुठवर पोचलात?"

पुढच्या वर्षी लसी झाल्या, विमानं पुन्हा उडू लागली. माझ्या नवऱ्याला मेक्सिकोची स्वस्त तिकिटं दिसली आणि मी धावतच काकांकडे गेले. काका हॅट काढून जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले.

"मुग्धा, मला उंचीची भीती वाटते गं. बल्ब बदलायलासुद्धा मी तुझ्या नवऱ्याला बोलावतो."

"अहो, मग वर्षभर हे काय चाललं होतं?"

"नोरीन एकटीच बसलेली असायची. रोज हॅलो म्हणायचं आणि हवेबद्दल बोलायचं. आयर्लंडची हवा, बोलणार तरी किती? एकदा कॅलेंडरवर पिरॅमिडचं चित्र होतं, म्हणून म्हटलं, मी तिथे जायचं म्हणतोय. तिचा चेहरा असा खुलला! मग रोज काहीतरी नवीन सांगायला हवं ना. आणि न करता सांगायचं म्हणजे खोटं बोलणं. म्हणून जिना चढायला लागलो."

मला हसू आवरेना. तेही हसले. "तिला सांगू नकोस हं. तिचा जीव गुंतलाय त्यात."

त्या आठवड्यात मी नोरीनकडे नारळाच्या वड्या घेऊन गेले. बोलता बोलता मी सहज म्हटलं, "तुम्हाला मायन लोकांचं भारी कौतुक ना?"

"मला?" ती म्हणाली. "अगं, दगड ते. दगड बघायला मेक्सिकोला कशाला जायला हवं? पण जानेवारीत त्याची आई गेली, तेव्हापासून मी मुद्दाम विचारत राहते."

आई गेली? भिंतीला भिंत लागलेली, रोजचं येणंजाणं, आणि काका आम्हाला एका शब्दाने बोलले नव्हते.

"त्याला भारतात जाता आलं नाही," नोरीन सांगत होती. "सगळं फोनवर बघितलं. मग कुंपणापाशी येऊन उभा राहिला. आई गेली, एवढंच बोलला. मी विचारलं, त्या पिरॅमिडवर सावली असते का रे? आधी रडला. मग डोळे पुसले आणि सावलीबद्दल बोलत राहिला, खूप वेळ."

बाहेर काकांच्या मागच्या दाराचा आवाज झाला. नोरीनने वडी तोंडात टाकली, खुर्चीला धरून सावकाश उठली आणि स्वेटर चढवला.

"बस तू," ती मला म्हणाली, आणि अंगणात जाऊन तिने खणखणीत आवाजात विचारलं, "मिस्टर कॅम्बेटी, वर गेल्यावर वारा कुठून येतो हो?"