पुंडलिक सरांची उजवी बाही

पुंडलिक सरांच्या शर्टाची उजवी बाही डावीपेक्षा दोन बोटं लांब असते. हे मी अंदाजपंचे सांगत नाही. एका दुपारी सर स्टाफरूममध्ये डुलकी काढत होते, तेव्हा त्यांच्याच खिशातली शिंप्याची टेप काढून आम्ही सहकाऱ्यांनी मोजलंय. कॉलर एका खांद्याकडे कललेली, आणि खिसा इतका खाली की खडू काढताना सर पोट खाजवताहेत असं वाटावं. एखादा शर्ट बिघडला तर समजू शकतो. यांचे सगळेच असे!

आणि हे गृहस्थ आमच्या म्हैसूरच्या कॉलेजात बी.कॉम.च्या पोरांना शिकवतात काय, तर व्यवस्थापनाची तत्त्वं. त्यातही जीव 'नियंत्रण' या धड्यावर. "प्रमाण ठरवा, काम मोजा, फरक काढा, दुरुस्ती करा!" एकेक बोट दुमडत सर सांगतात, आणि दुमडलेली मूठ लांब बाहीत गडप होते. मागच्या बाकावरून एकदा आवाज आला, "सर, शर्टातला फरक?" सर शांतपणे म्हणाले, "दुरुस्ती चालू आहे. बस खाली."

बाकी जगाला मात्र माफी नाही. कँटीनमध्ये डोसा आला की आधी टेप, मग चटणी. "भट्टरे, काल नऊ इंच होता, आज साडेआठ. फरक अर्धा इंच!" कँटीनवाले भट्ट बिचारे म्हणायचे, "सार, तवा तोच, हात तोच!" शेवटी वैतागून त्यांनी ताटाबाहेर लोंबणारा डोसा आणून आपटला. सरांनी मोजला. "दीड इंच जास्त. जास्तीचाही फरकच, अल्वा? हो की नाही?" आणि दीड इंच तोडून माझ्या ताटात टाकला. परीक्षेला बाकांमधलं अंतर ते मोजणार, नोटीसबोर्डावरचा कागद तिरका असला तर तो काढून पुन्हा लावणार. अशा माणसाला स्वतःची बाही दिसू नये? मला तर भारी राग यायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग विद्यापीठाची समिती येणार असं ठरलं, आणि ती नेमकी सरांच्या तासाला बसणार होती. प्राचार्यांनी मला बोलावलं. "विषय नियंत्रण, आणि शिकवणारा हा असा! तुम्ही दोघं मराठी. तुम्हीच सांगा त्यांना." जसं काही शर्टाचं दुखणं मराठीतच सांगता येतं! स्टाफनं मिळून एक छान तयार शर्ट आणला आणि माझ्या गळ्यात तो मारला.

मी धीर करून पुडकं सरांपुढं ठेवलं. त्यांनी अर्थातच टेप काढली. छाती, खांदे, दोन्ही बाह्या. "फरक शून्य. उत्तम शर्ट." मग नीट घडी घालून मला परत दिला. "पण नको. शनिवारी दुपारी मोकळे आहात? चला माझ्याबरोबर."

लष्कर मोहल्ल्यातल्या एका गल्लीत त्यांच्या थोरल्या भावाचं शिलाईचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. भिंतीवर विठोबाची तसबीर, मशीनवर पुतण्या, आणि कापायच्या टेबलाशी थोरले अण्णा. पंच्याहत्तरी ओलांडलेले, चष्म्याची काच चांगली जाड. "आलास? ये, उभा राहा," ते म्हणाले. आणि डोशाशी अर्ध्या इंचावरून भांडणारा हा माणूस हात पसरून शाळकरी मुलासारखा उभा राहिला!

माप झालं. अण्णांनी कापडावर खडूची रेघ ओढायला घेतली. हात थरथरत होता. रेघ नागमोडी गेली आणि तिच्यामागून कात्रीही गेली. सरांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, "झकास, अण्णा."

मला ते दुकानाच्या पायरीवर घेऊन आले. "वडील गेले तेव्हा अण्णांनी शाळा सोडली. त्या कात्रीनं मला एम.कॉम. केलंय. पुस्तकात लिहिलंय, काम जमेना तर माणूस बदला. मीच शिकवतो ते! गिऱ्हाइकांचं कापणं आता पुतण्या करतो. अण्णांकडं माझ्या एकट्याचे शर्ट उरलेत. तेही काढून घेतले तर अण्णा बसल्या जागी संपतील. समिती काय, आज येईल, उद्या जाईल." मग "बटणं घेऊन येतो" म्हणून ते घाईघाईनं समोरच्या दुकानात गेले.

मी आत वळलो तर अण्णा खुणेनं बोलावत होते.

"कॉलेजातले ना तुम्ही? शर्टाचंच बोलायला आलात. अहो, मला कळतं हो! साठ वर्षं कापड कापलंय, माझी रेघ कुठं जाते ते मला दिसत नाही? मागच्या दिवाळीलाच कात्री ठेवणार होतो मी."

"मग?"

"त्याची बायको गेली. हिनकलच्या घरात एकटाच असतो. मूलबाळ नाही. जेवायला ये म्हटलं तर यायचा नाही, भिडस्त लेकाचा. मापाला ये म्हटलं की येतो. त्याचं माप वहीत वीस वर्षांपासून लिहिलेलं आहे. दर महिन्याला कशाला घेऊ? टेप लावली की कळतं, नीट जेवतोय की नाही ते." त्यांनी दाराकडं पाहिलं. "त्याला सांगू नका हं. मी कात्री ठेवली, तर त्यानं यायचं कुठल्या तोंडानं?"

माझा सगळा राग तिथंच विरघळला. एक जण दुसऱ्यासाठी वाकडं घालत होता, दुसरा पहिल्यासाठी वाकडं कापत होता, आणि मी मूर्ख मध्ये सरळ शर्ट घेऊन उभा.

सर बटणं घेऊन आले. अण्णांनी आवाज चढवला, "पुंडा, छाती मागच्या महिन्यापेक्षा बोटभर कमी भरली! सकाळी काय खाल्लंस?"

"खाल्लं की, स्वल्प."

"दिसतंय!" आणि आतल्या घराकडं वळून बायकोला, "अगं, दोन पानं जास्त वाढ गं!"

"नको अण्णा, सुम्मने, सहजच आलो होतो," म्हणता म्हणता सर हात धुवायलाही गेले. मलाही बसवलं. गरम भात, त्यावर सार. प्राचार्यांना काय सांगायचं ते माझं जेवता जेवताच ठरलं: शर्ट सरांना बसला नाही. टेप लावून पाहिलंत का, असं त्यांनी विचारलं तरी हेच सांगायचं.

सर खाली मान घालून भराभर जेवत होते, चार दिवसांचे उपाशी असल्यासारखे. त्यांची उजवी बाही सारात बुडायला आली. शेजारी बसलेल्या अण्णांनी थरथरत्या हातानं ती धरली आणि हळूहळू दोन घड्या घालून वर केली. सरांनी हात तसाच स्थिर धरला होता.